तंत्रज्ञानाधिष्ठित भाषापाठाचे नियोजन : 'शैक्षणिक साधने' या रकान्याची चिकित्सा

प्रस्तावना :

अध्यापक महाविद्यालयात शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला पाठ टाचण परिचयाचे असते. आशय, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साधने, फलकलेखन, मूल्यमापन आणि स्वाध्याय असे त्याचे रकाने असतात. वरिष्ठ महाविद्यालयात टाचणवही नसली तरी सत्राच्या प्रारंभी अध्यापन नियोजन सादर करावे लागते आणि त्यातही साधनांचा रकाना असतोच. पूर्वी या रकान्यात 'खडू, फळा, पाठ्यपुस्तक' असे लिहिले जाई. पुढे तेथे 'तक्ते, ध्वनिफीत' आले, नंतर 'ओएचपी' आला आणि आता 'पीपीटी, यूट्यूब, गूगल क्लासरूम' असे लिहिले जाते. रकान्यातील शब्द बदलले. परंतु त्या रकान्याचा शेजारच्या रकान्यांशी असलेला संबंध बदलला काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

तंत्रज्ञानाच्या वापरावर आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे. त्यातील बहुतांश लेखन तंत्रज्ञानाची गरज, महत्त्व आणि फायदे सांगणारे आहे. काही लेखन त्याच्या दुष्परिणामांचा इशारा देते. या दोन्ही प्रकारच्या लेखनात तंत्रज्ञान हा एकसंध पदार्थ मानला जातो आणि तो चांगला की वाईट एवढाच वाद राहतो. भाषेच्या एका विशिष्ट तासिकेत, एका विशिष्ट पाठासाठी, एखादे साधन का घ्यावे किंवा का घेऊ नये, याचा निर्णय कोणत्या निकषावर करावयाचा, या नियोजनाच्या मूळ प्रश्नाला ते स्पर्श करीत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भाषापाठाच्या प्रचलित नियोजनात तंत्रज्ञानाला दिलेल्या स्थानाची चिकित्सा करणे.
२) तंत्रज्ञान व अध्यापन यांच्या संबंधाविषयीच्या प्रमुख मांडण्या मराठीच्या अध्यापनाच्या संदर्भात तपासून पाहणे.
३) मराठीच्या पदवी वर्गासाठी नियोजनाचा एक व्यवहार्य निकष सुचविणे व तो प्रत्यक्ष पाठांना लावून पाहणे.

अभ्यासाची व्याप्ती पदवी स्तरावरील मराठीच्या अध्यापनापुरती मर्यादित आहे. विवेचनासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्यास स्वतःच्या वर्गाध्यापनातील अनुभवाची जोड दिली आहे.

नियोजनाची परंपरा आणि साधनाचे स्थान :

आपल्या पाठ टाचणाचा आराखडा जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांपर्यंत मागे नेता येतो. हर्बार्टच्या अनुयायांनी, विशेषतः त्सिलर व राइन यांनी, त्याच्या मांडणीला पाच पायऱ्यांचे निश्चित रूप दिले. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण व उपयोजन ही ती पंचपदी होय. या क्रमात साधनाला स्वतंत्र पायरी नाही. साधन कोणत्या तरी पायरीच्या सेवेत असते. १९५६ मध्ये ब्लूम व सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले आणि त्यानंतर नियोजनाचा भर उद्दिष्टांवर आला. १९९८ मध्ये विगिन्स व मॅक्टाय यांनी तर नियोजनाची दिशाच उलटी करावी असे सुचविले. विद्यार्थ्याला अखेरीस काय समजले पाहिजे हे आधी, ते समजले याचा पुरावा कोणता हे नंतर, आणि अध्यापनाच्या कृती सर्वांत शेवटी, असा त्यांचा क्रम आहे.

या तिन्ही टप्प्यांत एक गोष्ट समान दिसते. साधनाची निवड ही उद्दिष्टानंतर येणारी बाब आहे. आपल्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. महाविद्यालयात प्रक्षेपक बसविलेला असतो, त्याच्या वापराची नोंद ठेवावयाची असते, मूल्यमापनाच्या प्रपत्रात 'आयसीटीचा वापर करणारे अध्यापक' अशी संख्या भरावयाची असते. म्हणून पाठासाठी साधन शोधण्याऐवजी साधनासाठी पाठ शोधला जातो. यात कोणा एका अध्यापकाचा दोष नाही, कारण जे मोजले जाते तेच केले जाते. परंतु वापराची संख्या मोजता येते आणि वापराचे प्रयोजन मोजता येत नाही, म्हणून प्रयोजन नियोजनातूनच गळून जावे, हे भाषाविषयाला परवडणारे नाही.

इतिहासाची साक्षही याच दिशेची आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' या उपग्रह दूरदर्शन प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवरून सुरू झाला. त्याचे सुरुवातीचे कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत होते. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठीत शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. २०१७ मध्येच 'स्वयम्' व 'दीक्षा' या मंचांचा प्रारंभ झाला. प्रत्येक वेळी यंत्रणा आधी आली आणि वर्गातील पाठात ती कोठे बसवायची हा प्रश्न अध्यापकावर सोपविला गेला. अमेरिकन अभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या शालेय वापराचा इतिहास मांडताना असाच अनुभव नोंदविला आहे. मोठ्या अपेक्षेने आणलेली साधने वर्गात तुरळक वापरली गेली, कारण अध्यापकाच्या दैनंदिन कामाची रचना लक्षात न घेता ती वरून आली होती.

'मालमोटार' आणि माल : एक वाद

माध्यम व अध्ययन यांच्या संबंधाविषयीचा एक गाजलेला वाद येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी असे प्रतिपादन केले की, माध्यमे ही केवळ वाहने आहेत. किराणा माल वाहून आणणाऱ्या मोटारीमुळे जसा आपल्या आहाराचा कस वाढत नाही, तसे माध्यमामुळे अध्ययन वाढत नाही. जे वाढते ते अध्यापनपद्धतीमुळे. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ व १९९४ मधील लेखांतून यास उत्तर दिले. प्रत्येक माध्यमाच्या अंगी काही विशिष्ट क्षमता असतात, त्या क्षमता आणि विद्यार्थ्याची मानसिक क्रिया यांचा संयोग घडून अध्ययन होते, म्हणून माध्यम आणि पद्धती यांची फारकत करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल.

प्रस्तुत लेखिकेच्या मते, भाषेच्या अध्यापनात या दोन्ही भूमिका आपापल्या जागी खऱ्या आहेत आणि त्यांच्या जागा ओळखणे हेच नियोजनाचे पहिले काम आहे. 'एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके' हा घटक शिकविताना फळ्यावर सनावळी लिहिली काय किंवा पडद्यावर दाखविली काय, माल तोच राहतो. तेथे क्लार्क यांचे म्हणणे लागू पडते. परंतु लोकगीताचा स्वर, बोलीतील हेल, संवादातील विराम हे जेव्हा पाठाचे विषय असतात, तेव्हा ध्वनिमुद्रण हे वाहन नसते, तोच माल असतो. छापील पानावर तो उतरतच नाही. भाषा हा असा विषय आहे की ज्यात आशय आणि माध्यम एकमेकांत मिसळलेले असतात. आपण भाषेविषयी भाषेतच बोलत असतो.

२००६ मध्ये पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी मांडलेला 'टीपॅक' आराखडा आपल्या परिसंवादांतून वारंवार उद्धृत होतो. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशय व अध्यापनशास्त्र यांच्या संयोगातून निर्माण होणाऱ्या अध्यापकीय ज्ञानाची संकल्पना मांडली होती. मिश्रा व कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानविषयक ज्ञानाचे तिसरे वर्तुळ जोडले. तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथे कुशल अध्यापन घडते, हा त्यातील मुख्य विचार आहे. हा आराखडा अध्यापकाला काय ठाऊक असावे ते सांगतो. मात्र उद्याच्या ४८ मिनिटांत काय करावे, याचे उत्तर त्यात शोधू नये. आपल्याकडे त्या आराखड्याची आकृती पहिल्या स्लाइडवर दाखविली जाते आणि पुढील सादरीकरण पूर्वीसारखेच होते.

रूबेन प्वेन्तेदुरा यांच्या 'सॅमर' या प्रारूपाविषयी अधिक सावध राहावयास हवे. पर्याय, वृद्धी, परिवर्तन व पुनर्रचना अशा चार पायऱ्यांची ही शिडी आहे. शिडी म्हटली की वरची पायरी चांगली आणि खालची कमी प्रतीची असा समज आपोआप होतो. परंतु भाषेच्या वर्गात एक साधे ध्वनिमुद्रण तीनदा ऐकविणे, ही या शिडीवरील अगदी खालची कृती, एखाद्या पाठाचे सर्वांत मोलाचे कार्य करू शकते. उलट विद्यार्थ्यांकडून चित्रफीत तयार करवून घेण्याची वरच्या पायरीची कृती भाषेच्या दृष्टीने पोकळ ठरू शकते. तंत्रज्ञानाचे रूपांतर किती झाले यापेक्षा विद्यार्थ्याच्या भाषाव्यवहारात काय घडले, हा निकष महत्त्वाचा मानला पाहिजे.

नियोजनाचा निकष :

वरील चर्चेच्या आधारे पाठातील कोणत्याही साधनाची भूमिका तीन प्रकारांत तपासता येईल. (अ) घटक : साधन काढून घेतल्यास पाठाचा आशयच उरत नाही. (आ) वाहक : साधन काढून घेतल्यास आशय टिकतो, मात्र तो पोहोचविण्यास अधिक वेळ वा श्रम लागतात. (इ) सजावट : साधन काढून घेतल्यास काहीच बिघडत नाही, कित्येकदा पाठ सुधारतो. नियोजन करताना प्रत्येक साधनापुढे यांपैकी एक अक्षर लिहावे. 'अ' असल्यास त्या साधनाभोवती पाठाची रचना करावी. 'आ' असल्यास वाचलेल्या वेळेत विद्यार्थी कोणती भाषिक कृती करणार ते लिहावे. 'इ' असल्यास ते साधन वगळावे.

या वर्गीकरणाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. साधन चालू असताना विद्यार्थ्याचे कान, डोळे, हात व वाणी यांपैकी काय कामात आहे? आणि वीज गेली, आंतरजाल मिळाले नाही, तर पाठ कसा चालेल? दुसऱ्या प्रश्नाकडे तक्रार म्हणून पाहू नये. ग्रामीण महाविद्यालयात तो नियोजनाचाच भाग आहे.

हा निकष तीन पाठांना लावून पाहू.

पाठ पहिला : जात्यावरची ओवी

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला लोकसाहित्य हा घटक शिकविताना मी स्वतः २२ स्लाइडचे सादरीकरण तयार केले होते. ओवीची व्याख्या, ग्रांथिक व कंठस्थ ओवीतील फरक, विषयानुसार वर्गीकरण, वैशिष्ट्ये, शिवाय जात्याची तीन रंगीत चित्रे. तासिका शांततेत पार पडली. विद्यार्थी मान खाली घालून पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवीत होते. निरीक्षणासाठी बसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नोंदवहीत 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर' असा शेरा दिला. तासिकेनंतर एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "मॅडम, आमची आजी ह्या गाते, पण त्या अशा नसतात. तिच्या लांब असतात." तिच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला नाही. माझ्या स्लाइडवर प्रत्येक ओवी दोन ओळींची होती.

तिचे म्हणणे अचूक होते. जात्यावरची ओवी कागदावर दोन ओळींत मावते, परंतु गाताना ती तशी राहत नाही. गाणारी स्त्री ओळीचा भाग पुन्हा घेते, मध्ये 'बाई', 'गं' यांसारखी संबोधने घालते, स्वर लांबविते, जात्याच्या फेऱ्याशी लय जुळविते, दुसरी स्त्री तिच्या मागून ओळ उचलते. हा विस्तार छापील संग्रहात गळून पडतो. म्हणजे माझ्या पाठात ओवीविषयी सर्व काही होते, केवळ ओवी नव्हती.

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर हा संग्रह गायिकांची नावे व गावांसह क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. भाषेच्या अध्यापकाला मिळालेले हे फार मोठे धन आहे. येथे ध्वनिमुद्रण 'अ' प्रकारचे साधन ठरते.

यानुसार पुढील वर्षी पाठाची रचना अशी बदलली. पहिल्या आठ मिनिटांत दोन ओव्या केवळ छापील स्वरूपात देऊन मूकवाचन व अर्थचर्चा घेतली. त्यानंतर त्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रण पडदा बंद ठेवून दोनदा ऐकविले. तिसऱ्या वेळी विद्यार्थ्यांनी कानांनी ऐकलेले सर्व, पुनरुक्ती व संबोधनांसह, वहीत लिहून काढले. उरलेल्या वेळात छापील पाठ व ऐकून लिहिलेला पाठ शेजारी ठेवून काय वाढले, कोठे वाढले आणि त्याने अर्थात काय फरक पडला, याची चर्चा झाली. ग्रांथिक ओवीची साडेतीन चरणांची चौकट आणि कंठस्थ ओवीचा लवचिकपणा हा मुद्दा सांगावा लागला नाही. तो विद्यार्थ्यांनीच काढला. साधन एक छोटा ध्वनिक्षेपक होते आणि ध्वनिमुद्रणे आधीच उतरवून घेतली असल्याने आंतरजालाची गरज पडली नाही. जात्याची चित्रे वगळली. वर्गातील निम्म्या मुलींच्या घरी जाते होते.

स्वाध्याय म्हणून घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रीकडून एक ओवी मोबाइलवर मुद्रित करून तिचे लिप्यंकन करावयास सांगितले. ज्या बाईचा आवाज आपण घेतो तिची परवानगी घेणे, तिचे नाव व गाव तिच्या इच्छेनुसार नोंदविणे, तिला तो आवाज परत ऐकविणे, हे स्वाध्यायाचे भाग मानले. लोकसाहित्य 'अनामिक' असते हे वाक्य आपण सवयीने सांगतो, पण गाणारी बाई अनामिक नसते. ही जाणीव कोणत्याही स्लाइडवर लिहून देता येत नाही.

पाठ दुसरा : 'दर्या' आणि 'दऱ्या'

लेखननियम हा विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्याही नावडीचा विषय आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ नियम निश्चित केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर घातली. हे १८ नियम पडद्यावर दाखविणे हे फार तर 'आ' प्रकारात मोडेल. परंतु लेखनाचा एक भाग असा आहे की जेथे संगणक हाच पाठाचा विषय होऊ शकतो.

मराठीत 'र'ची दोन जोडरूपे भिन्न अर्थ देतात. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास मजुरी दिली' या वाक्यांत माणसेच बदलतात. उच्चारातही भेद आहे. 'दर्या'मध्ये पहिल्या अक्षरावर आघात येतो, 'दऱ्या'मध्ये येत नाही. हाताने लिहिताना विद्यार्थी हा भेद पुष्कळदा अंदाजाने पार पाडतात. कळफलकावर मात्र निवड करावीच लागते. युनिकोडमध्ये 'र' व 'ऱ' यांना स्वतंत्र संकेतांक आहेत.

या पाठासाठी चार विद्यार्थ्यांमागे एक मोबाइल पुरेसा होतो. प्रथम अध्यापकाने दहा वाक्ये श्रुतलेखनासाठी सांगावीत आणि विद्यार्थ्यांनी ती हाताने लिहावीत. नंतर तीच वाक्ये गटाने मोबाइलवर टंकित करावीत. 'दऱ्या' लिहिताना गट अडतो, कळ शोधतो, आपसांत वाद घालतो. हा वाद हेच पाठाचे मर्म आहे. कारण तो कोणती कळ दाबावी याविषयी नसून कोणता ध्वनी अभिप्रेत आहे याविषयी असतो. अखेरीस एका गटाने लिहिलेल्या मजकुरात दुसऱ्या गटाने तो शब्द शोधून पाहावा. कधी कधी डोळ्यांना दिसणारा शब्द यंत्राला सापडत नाही, कारण 'ऱ्य'ची हीच आकृती दोन वेगळ्या संकेतक्रमांनी साधता येते. अक्षर म्हणजे दिसणारी आकृती की तिच्यामागचे मूल्य, हा लिपिविचारातील मूलभूत प्रश्न प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे अशा रीतीने प्रत्यक्ष उभा राहतो.

याच अनुषंगाने जुन्या फॉन्टांचाही विचार करता येतो. त्या फॉन्टमध्ये टंकित केलेला प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतला आहे. त्या फॉन्टनी मराठीचे रूप साठविले, मराठी अक्षर साठविले नाही, एवढे सांगितले तरी युनिकोडचे महत्त्व पटते. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. मात्र 'ॲ' हे अक्षर त्यात २००८ मध्ये आले. लिपी ही परंपरेने मिळालेली असली तरी तिच्या प्रत्येक अक्षरासाठी कोणाला तरी आग्रह धरावा लागतो, हे या उदाहरणातून विद्यार्थ्याला कळते. भाषेचा पदवीधर भाषेच्या तंत्रज्ञानाचा केवळ ग्राहक असू नये, ही अपेक्षा येथूनच सुरू होते.

वीज वा यंत्र उपलब्ध नसल्यास श्रुतलेखन व उच्चारभेदाचा भाग फळ्यावर पूर्ण होतो. शोधाचा भाग पुढील तासिकेस ठेवता येतो.

पाठ तिसरा : निबंध, यंत्र आणि मोट

नोव्हेंबर २०२२ नंतर संभाषण करणारी कृत्रिम प्रज्ञा सर्वांच्या हाती आली आणि गृहपाठातील निबंध ही संस्था डळमळीत झाली. विद्यार्थ्यांचे निबंध एकाएकी निर्दोष आणि एकसारखे झाले. त्यांत 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावणे' आणि 'च्या माध्यमातून' यांची रेलचेल असते. या प्रश्नावर बंदी आणि स्वागत अशा दोन प्रतिक्रिया दिसतात. नियोजनाच्या दृष्टीने दोन्ही अपुऱ्या आहेत. बंदीची अंमलबजावणी करता येत नाही आणि नुसत्या स्वागताने लेखनकौशल्य येत नाही.

येथे उलट्या नियोजनाचा उपयोग होतो. विद्यार्थ्याने अखेरीस काय करावे? स्वतःजवळच्या सामग्रीतून सुसंगत मराठी परिच्छेद रचावा. मग ती सामग्री अशी निवडावी की जी प्रथम त्याच्याजवळच आहे. उदाहरणार्थ, 'मोटेची विहीर' हा विषय. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मोटेशी निगडित दहा शब्द आणावयास सांगावे. नाडा, धाव, थारोळे असे शब्द येतात, काही गावांत वेगळीच रूपे मिळतात. वर्गात हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) व दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शोधावेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहामुळे हे दोन्ही कोश आता मोबाइलवर पाहता येतात. सहा-सात खंडांचा कोश ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नाही, तेथे हे साधन 'आ' प्रकारातून 'अ' प्रकाराकडे सरकते.

त्यानंतर परिच्छेद वर्गातच लिहून घ्यावा. शेवटच्या दहा मिनिटांत त्याच विषयावर यंत्राने लिहिलेला परिच्छेद वाचून दाखवावा आणि दोहोंची तुलना करावी. कोणत्या मजकुरात मोट दिसते? कोणते वाक्य कोणत्याही विषयावरील निबंधात चालले असते? यंत्राच्या मजकुरात काही चूक आहे काय? हे प्रश्न शैलीविचाराचेच आहेत. यंत्र येथे लेखनिक म्हणून येत नाही, तुलनेचा पाठ पुरविणारे म्हणून येते.

बोलीभाषेच्या घटकासाठीही अशीच योजना करता येईल. २०१७ पासून मोबाइलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय झाली आहे. विद्यार्थ्याने आपल्या बोलीतील पाच वाक्ये बोलावीत आणि यंत्र काय लिहिते याची नोंद करावी. यंत्राने कोणते रूप स्वीकारले, कोणते प्रमाणरूपात बदलले, कोणते त्याला कळलेच नाही, याचा तक्ता करावा. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा १९०५ मधील सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातील नमुने ध्वनिरूपात उपलब्ध आहेत. या सामग्रीच्या जोडीने स्वतःच्या बोलीकडे पाहिले, की 'अशुद्ध' हा शब्द विद्यार्थी जपून वापरू लागतो. ज्या मुलाच्या बोलण्याला शाळेत हसले गेले, त्याच्यासाठी हा परिणाम लहान नाही.

अध्यापकाचे काम : वाढते की घटते?

तंत्रज्ञानामुळे अध्यापकाचे श्रम वाचतात हा समज वरील उदाहरणांतून टिकत नाही. २२ स्लाइड करण्यास मला एक संध्याकाळ लागली होती. दोन योग्य ओव्या निवडण्यास चार दिवस लागले, कारण शेकडो ऐकाव्या लागल्या. चांगल्या नियोजनाचा बहुतांश वेळ निवडीत जातो आणि निवड ही कोणत्याही प्रपत्रात दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, याचा आनंद सर्वांना आहे. परंतु भाषेचा दर्जा जितका घोषणेने ठरतो, त्याहून अधिक तो प्रथम वर्षाच्या वर्गातील ४८ मिनिटांत ठरतो. त्या मिनिटांत विद्यार्थी पडद्यावरचे उतरवून घेत असेल, तर पडदा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

या मांडणीला एक आक्षेप घेतला जाईल. मोठ्या वर्गात, अपुऱ्या तासिकांत, विद्यापीठीय परीक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करताना अशा पाठांना वेळ कोठून आणावयाचा? आक्षेप रास्त आहे. सर्वच तासिका अशा घ्याव्यात असे येथे सुचविलेले नाही. सत्रातील प्रत्येक घटकासाठी 'अ' प्रकारच्या साधनाचा एक पाठ नियोजित करावा, उर्वरित तासिका खडू-फळ्यावर निःसंकोच घ्याव्यात. फळा हे मागासलेपणाचे लक्षण नाही. अध्यापकाच्या विचाराच्या गतीने लिहिले व पुसले जाणारे ते अद्यापही उत्तम साधन आहे.

निष्कर्ष :

१) पाठ नियोजनाच्या परंपरेत साधनाची निवड उद्दिष्टानंतर येते. प्रचलित व्यवहारात हा क्रम उलटला असून वापराची संख्या हेच प्रयोजन झाले आहे.
२) माध्यम केवळ वाहन आहे की आशयाचा भाग आहे, याचे उत्तर भाषाविषयात पाठागणिक बदलते. ते प्रत्येक पाठासाठी स्वतंत्रपणे शोधावे लागते.
३) घटक, वाहक व सजावट या त्रिविध निकषाने साधनाची निवड करता येते आणि सजावटीची साधने वगळता येतात.
४) ध्वनिमुद्रणे, कोश, युनिकोड व बोलून लिहिण्याची सोय ही मराठीच्या अध्यापनाची खरी उपयुक्त साधने आहेत. त्यांतील बहुतेकांना खर्चिक यंत्रणेची गरज नाही.
५) विद्यार्थ्याच्या घरातील भाषा आणि यंत्रातील भाषा यांची गाठ घालून देणे, हे तंत्रज्ञानाधिष्ठित भाषापाठाचे मुख्य उद्दिष्ट मानावे.

समारोप :

'शैक्षणिक साधने' हा रकाना पाठ टाचणातून काढून टाकावा असे येथे सुचवावयाचे नाही. त्याच्या शेजारी 'कशासाठी' असा एक अरुंद रकाना जोडावा, एवढीच सूचना आहे. तो भरता आला नाही, तर साधन खोलीतच राहू द्यावे आणि पाठ घेण्यास जावे. आजीच्या ओव्या लांब असतात असे सांगणारी विद्यार्थिनी वर्गात असतेच. तिला ते तासिका संपल्यावर बाहेर येऊन सांगावे लागू नये, तासिकेतच सांगता यावे, अशी जागा ज्या नियोजनात आहे, ते नियोजन चांगले.